शब्दवेध : ट्यूडर

बंगळूरच्या महादेवपुऱ्यातल्या बिल्डरांना इंग्लंडच्या राजघराण्यांचा फार लळा. व्हिला म्हटला की तो ‘ट्यूडर’, नाहीतर ‘जॉर्जियन’. जॉर्जियन सोपा : १७१४पासून लागोपाठ चार जॉर्ज गादीवर आले. ट्यूडरची गंमत वेगळी. हे मुळात आडनावच नव्हे! वेल्श रिवाजात ‘ॲप’ म्हणजे ‘चा मुलगा’. ओवेन ॲप मरेदिद ॲप ट्युदिर, म्हणजे मरेदिदचा मुलगा, ट्युदिरचा नातू. इंग्रजांनी त्यातलं आजोबांचं नाव उचलून आडनाव केलं. वडिलांचं उचललं असतं, तर आज ‘मेरेडिथ शैली’चे बंगले विकले जात असते. याच ओवेनचा नातू सातवा हेन्री १४८५मध्ये राजा झाला. घराणं १६०३मध्ये संपलं, पण त्या काळच्या चपट्या टोकदार कमानी आणि भिंतीत उघड्या दिसणाऱ्या लाकडी चौकटी त्याच नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. वोडेयार राजांचा बंगळूर पॅलेस याच थाटाचा. तोही एकोणिसाव्या शतकातला, म्हणजे नक्कलच, पण झोकदार.

व्हिलांच्या भिंतीवर त्या लाकडी चौकटींची नक्कल करणाऱ्या काळ्या पट्ट्यांनी मात्र घराचा भार कधी पेललेला नसतो. शेजारचं व्हाइटफील्ड त्या मानाने प्रामाणिक : १८८२मध्ये अँग्लो-इंडियनांची वसाहत वसवणाऱ्या डेव्हिड व्हाइट यांचं सरळ आडनाव.