स्वप्रजनक यंत्रसिद्धांत

स्वतःसारखेच दुसरे यंत्र घडवणारे यंत्र तर्कदृष्ट्या शक्य आहे काय, याचा गणिती विचार. हंगेरीत जन्मलेले अमेरिकन गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन (१९०३–५७) यांनी तो १९४८ मध्ये पॅसाडेना येथील हिक्सन परिसंवादात मांडला. यंत्र आपल्याहून साधेच काही बनवू शकते, ही समजूत त्यामुळे मोडीत निघाली.

रचना : यंत्राचे चार भाग मानले आहेत. वर्णनाबरहुकूम काहीही उभारणारा रचनाकार, वर्णनाची नक्कल उतरवणारा प्रतिलेखक, या दोघांना क्रमाने कामाला लावणारा नियंत्रक आणि या तिघांचे वर्णन असलेली फीत. नियंत्रक आधी रचनाकाराकडून नवे यंत्र उभारून घेतो, मग फितीची नक्कल करवून ती त्या यंत्रात बसवतो आणि शेवटी त्याला मोकळे करतो. एकच फीत पहिल्यांदा आज्ञा म्हणून पाळली जाते, दुसऱ्यांदा अर्थ न लावता उतरवली जाते. त्यामुळे वर्णनात वर्णनाचेही वर्णन, असा न संपणारा फेरा टळतो. सिद्धांताचा गाभा हाच होय. फितीतील बदल संततीत उतरतात. मूळ यंत्राच्या वर्णनातच बिघाड झाल्यास प्रजनन बहुधा खुंटते.

जीवशास्त्राशी संबंध : डीएनएची दुहेरी सर्पिल रचना १९५३ मध्ये उलगडली. डीएनएही असेच दोनदा वापरले जाते : पॉलिमरेज त्याची प्रत काढते, तर आरएनएमार्फत आलेला त्यातील मजकूर वाचून रायबोसोम प्रथिने जुळवतो. एर्विन श्रोडिंगर यांनी १९४४ मध्ये गुणसूत्रांना आराखडा आणि गवंडी दोन्ही मानले होते. आराखड्यात गवंड्याचे वर्णन असते, गवंडी नव्हे, हा भेद फॉन नॉयमन यांच्या मांडणीत स्पष्ट होतो. सिडनी ब्रेनर यांनी तो आवर्जून अधोरेखित केला. रेणवीय जीवशास्त्राच्या वाटचालीवर या मांडणीचा प्रत्यक्ष प्रभाव कितपत पडला, याविषयी मतभेद आहेत.

गणिती रूप : स्टॅनिस्लॉ उलाम यांच्या सूचनेवरून फॉन नॉयमन यांनी यंत्र चौकोनी घरांच्या अमर्याद पटावर मांडले. प्रत्येक घराच्या २९ अवस्था : एक निष्क्रिय, आठ घडणीच्या, चार संगमाच्या, सोळा संदेशवहनाच्या. घराची पुढची अवस्था ते घर व त्याचे चार शेजारी ठरवतात. अपुरे राहिलेले हस्तलिखित आर्थर बर्क्स यांनी पूर्ण करून १९६६ मध्ये प्रसिद्ध केले.

पुढील काम : एडगर कॉड यांनी आठच अवस्थांत हे साधले (१९६८). ख्रिस्तोफर लँग्टन यांचे ८६ घरांचे स्वप्रजनक वेटोळे १९८४ चे.

चयापचय : विचारात घेतलेला नाही; सुटे भाग आयते मिळतात असे गृहीत धरले आहे.