किलियन-कागदांचा वाद

१

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. २००४ सालीं अध्यक्षपदाची निवडणूक झाली. तींत ऐन प्रचाराच्या दिवसांत कांहीं कागद पुढें आले आणि त्यांच्या खरेखोटेपणाचा वाद बारा दिवस त्या देशभर गाजला. कागद जुने म्हणावे असे नव्हते. त्यांवरील मित्या इ. स. १९७२ व १९७३ या सालांतल्या होत्या. तथापि अस्सल कोणतें, नक्कल कोणती, आणि नकलेवर किती भार टाकावा, हे जे प्रश्न आम्हां दप्तरें चाळणारांस नित्य पडतात, तेच या वादाच्या मुळाशीं होते. म्हणून त्याची हकीकत येथें थोडक्यांत देऊन तिजवरून काय शिकावें तें सांगण्याचें योजिलें आहे.

२

अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश हे त्या सालीं पुन्हा उमेदवार होते. त्यांचे प्रतिस्पर्धी जॉन केरी. बुश यांनीं तरुणपणीं टेक्सास एअर नॅशनल गार्ड या राखीव हवाई दलांत नोकरी केली होती. ती त्यांनीं नेमानें केली कीं नाहीं, हा प्रश्न विरोधक पुष्कळ दिवस विचारीत होते. ता. ८ सप्टेंबर २००४ रोजीं सी. बी. एस. या दूरचित्रवाणी संस्थेच्या 'सिक्स्टी मिनिट्स' या नांवाच्या बुधवारच्या कार्यक्रमांत डॅन रादर यांनीं चार टिपणें दाखविलीं. संस्थेच्या हातीं एकंदर सहा आलीं होतीं. बुश यांचे त्या वेळचे वरिष्ठ लेफ्टनंट कर्नल जेरी किलियन यांनीं तीं आपल्या खाजगी दप्तरासाठीं लिहिलीं, असें सांगण्यांत आलें. वैद्यकीय तपासणीस हजर होण्याचा हुकूम बुश यांनीं पाळला नाहीं, आणि त्यांच्या कामाविषयीं गोड शेरा लिहिण्याबद्दल वरून दडपण येत आहे, असा त्यांतील मजकुराचा इत्यर्थ. किलियन इ. स. १९८४ सालींच वारले होते. त्यामुळें त्यांस विचारण्याची सोय नव्हती.

३

कागद कोणत्या हातून कोणत्या हातीं आले, हें प्रथम पाहिलें पाहिजे. ते सी. बी. एस.ला टेक्सास नॅशनल गार्डमधील निवृत्त अधिकारी बिल बर्केट यांजकडून मिळाले; दोन ता. २ सप्टेंबरला व चार ता. ५ला. म्हणजे अखेरचे कागद हातीं येण्यास आणि ते जगापुढें मांडण्यास मध्यें अवघे तीन दिवस गेले. शिवाय मिळाल्या त्या केवळ नकला. मूळ कागद आपण नकला काढून जाळून टाकले, असें बर्केट यांनीं सांगितलें. ते कोणापासून मिळाले याविषयीं त्यांनीं आरंभीं एक नांव घेतलें. पुढें, आपण याबाबत संस्थेची दिशाभूल केली, असें कबूल करून दुसरेंच नांव पुढें केलें. त्या व्यक्तीचा माग लागला नाहीं.

प्रसारणापूर्वीं जी परीक्षा झाली तीही पाहण्यासारखी आहे. कागद पाहणाऱ्या तज्ज्ञांपैकीं दोघींनीं आधींच शंका काढल्या होत्या. मार्सेल मॅटली यांनीं मत दिलें तें केवळ सहीपुरतें. आणि नकलेवरील सही खरी ठरली तरी तिच्या वरचा मजकूर त्यायोगें खरा ठरत नाहीं, हें वाचकांस सांगावयास नको. किलियन यांचे वरिष्ठ जनरल हॉजेस यांस मजकूर टेलिफोनवरून वाचून दाखविला गेला व त्यांचा दुजोरा मिळाला असें मानण्यांत आलें. ते कागद हस्तलिखित असावेत अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्ष पाहिल्यावर त्यांनीं ते बनावट म्हणून सांगितले. प्रसारणाच्या दिवशीं सकाळीं नकला अध्यक्षांच्या कचेरीसही दिल्या होत्या. तिनें त्या नाकारल्या नाहींत हाच पुरावा समजला गेला. पण प्रतिपक्षाचें मौन म्हणजे कागदाचें प्रामाण्य नव्हे.

४

कार्यक्रमानंतर सी. बी. एस.नें चारी कागद आपल्या संकेतस्थळावर जसेच्या तसे ठेवले. येथून वादास नवें वळण लागलें. त्याच रात्रीं इंटरनेटवरील एका चर्चापीठावर एका टोपणनांवाच्या लेखकानें आक्षेप घेतला कीं, हीं अक्षरें टाइपरायटरचीं दिसत नाहींत. प्रत्येक अक्षरास त्याच्या रुंदीप्रमाणें कमीजास्त जागा मिळालेली आहे. दुसऱ्या दिवशीं 'पॉवर लाइन' या ब्लॉगानें तो आक्षेप उचलला आणि नाना ठिकाणच्या जाणकारांचीं पत्रें त्याजकडे येऊं लागलीं. 'लिट्ल ग्रीन फुटबॉल्स' या ब्लॉगाच्या चार्ल्स जॉन्सन यांनीं ता. १८ ऑगस्ट १९७३ चें टिपण मायक्रोसॉफ्ट वर्डमध्यें, कांहीं न बदलतां, टाइम्स न्यू रोमन या अक्षरांत लिहून काढलें व एक प्रत दुसरीवर ठेवून दाखविली. ओळी त्याच शब्दांवर संपत होत्या.

येथें एक गोष्ट न्यायानें नमूद केली पाहिजे. टीकाकारांचे सर्वच मुद्दे टिकाऊ नव्हते. रुंदीप्रमाणें जागा देणारे टाइपरायटर आय. बी. एम. कंपनीनें इ. स. १९४४ पासून विकले होते. आणि अंकापुढील लहान व वर उचललेलीं क्रमवाचक अक्षरें बुश यांच्या कांहीं निर्विवाद कागदांतही होतीं. म्हणजे 'त्या काळीं हें अशक्यच होतें' हें विधान जसेंच्या तसें खरें नव्हे. पण एकेक लक्षण शक्य असणें वेगळें आणि तीं सर्व एकत्र येऊन आजच्या संगणकाच्या प्रतीशीं मिळणें वेगळें. पीटर टायटेल यांनीं पुढें शांतपणें परीक्षा केली व हे कागद त्या काळच्या टाइपरायटरवरचे नव्हेत, असाच निर्णय दिला.

अंतर्गत पुराव्यांत सर्वांत बळकट मुद्दा स्टॉट यांचा. ऑगस्ट १९७३ च्या टिपणांत ते दडपण आणीत आहेत असें लिहिलें आहे. पण ते मार्च १९७२ मध्येंच दलांतून निवृत्त झाले होते. शके १५९६ पूर्वींच्या म्हणविणाऱ्या पत्रांत राजशक आढळला तर आम्ही जें म्हणूं, तेंच येथें म्हणावें लागतें: निदान खुलासा मिळेपर्यंत कागद बाजूस ठेवावा.

५

किलियन यांच्या कचेरींतील टंकलेखिका मॅरियन कार नॉक्स त्या वेळीं ८६ वर्षांच्या होत्या. त्यांची साक्ष मोठी मार्मिक आहे. हे कागद मीं टाइप केलेले नाहींत, असें त्या म्हणाल्या. परंतु त्यांतील भाव किलियन यांच्या मनांतलाच आहे, असेंही त्यांनीं सांगितलें. मजकूर खरा असणें आणि कागद अस्सल असणें या दोन गोष्टी किती भिन्न, हें याहून स्पष्ट कोण सांगणार? तपासणी न दिल्यामुळें बुश यांचें उड्डाण ता. १ ऑगस्ट १९७२ पासून बंद झालें, ही गोष्ट दलाच्या निर्विवाद दप्तरांतच आहे. तिला या टिपणांची गरज नव्हती. टिपणांत जें नवें होतें, म्हणजे हुकुमाचा भंग आणि वरचें दडपण, त्यास मात्र या नकलांपलीकडे लेखी आधार नव्हता. नकला कोसळल्या तेव्हां ढिगाऱ्याखालीं अस्सल कागदांतून निघणारे प्रश्नही गाडले गेले. त्यांविषयीं फारसें कोणी विचारीना.

ता. २० सप्टेंबरला सी. बी. एस.नें कागदांचें अस्सलपण आपणांस सिद्ध करतां येत नाहीं असें जाहीर केलें व रादर यांनीं क्षमा मागितली. डिक थॉर्नबर्ग व लुई बोकार्डी यांच्या समितीचा अहवाल ता. १० जानेवारी २००५ रोजीं प्रसिद्ध झाला. निर्मात्या मेरी मेप्स यांस काढण्यांत आलें व तिघां वरिष्ठांस राजीनामे मागितले गेले. रादर यांनीं ता. ९ मार्च २००५ रोजीं, बरोबर चोवीस वर्षांनीं, सायंवार्तांचें आसन सोडलें. निवडणूक बुश यांनीं आधींच, नोव्हेंबरांत, जिंकली होती. समितीनें मात्र कागद बनावटच आहेत असा निश्चित निर्णय दिला नाहीं. मूळ कागद नसतां देणार कसा?

६

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, सी. बी. एस.ची मोठी चूक घाईची. पण तिच्या हातून एक उत्तम गोष्टही झाली. तिनें कागद झांकून न ठेवतां छापले, म्हणून चूक एका रात्रींत दिसली. केवळ सारांश दिला असता तर वाद कदाचित् वर्षानुवर्षें चालता. हल्लीं मोडी कागदांचीं छायाचित्रें मोबाइलवरून हातोहात फिरतात आणि मूळ कोठें आहे हें पुष्कळदां पाठविणारासही ठाऊक नसतें. अशा वेळीं संग्राहकांस आमची विनंति एवढीच कीं, कागद कोणाच्या घरून, कोणत्या रुमालांतून आला हें त्याच दिवशीं टिपून ठेवावें. छायाचित्र अवश्य प्रसिद्ध करावें. आणि मूळ कागद, कितीही जीर्ण असो, जपावा. तो जळाला तर खोटें सिद्ध करण्याची सोय जाते, तशी खरें सिद्ध करण्याचीही जाते.