बीजांड

बीजांड : सपुष्प वनस्पतीच्या अंडाशयातील, फलनानंतर ज्याचे बी होते तो अवयव. शालेय पुस्तकांत ‘बीजांड’ आणि मराठी विश्वकोशात ‘बीजक’ ही संज्ञा आढळते. सायकससारख्या प्रकटबीज वनस्पतींत मात्र बीजांडे उघडी असतात, त्यांना अंडाशयाचे आच्छादन नसते.

बीजांड म्हणजेच अंडपेशी, हा समज चुकीचा आहे. अंडपेशी ही एकच पेशी. बीजांड अनेक पेशींचे. त्याच्या गाभ्यात प्रदेह नावाची ऊती, भोवती एक किंवा दोन आवरणे, टोकाशी सूक्ष्म रंध्र आणि प्रदेहात भ्रूणकोश असतो. अंडपेशी त्या भ्रूणकोशात असते. परागनलिका बहुधा रंध्रातूनच आत शिरते. तिने आणलेल्या दोन पुंयुग्मकांपैकी एकाचा अंडपेशीशी संयोग होऊन भ्रूण बनतो, दुसऱ्याचा ध्रुवीय केंद्रकांशी होऊन भ्रूणपोष. पुढे आवरणांचे बीजकवच होते आणि अंडाशयाचे फळ. तुरीची कोवळी शेंग शिवणीवर उकलून पाहावी : दाणे एकाच कडेला बारीक देठांनी लटकलेले दिसतात. मध्येच एखादा चिमटलेला ठिपका असतो. ते बी न झालेले बीजांड.

जालना जिल्ह्यात ही संज्ञा पुस्तकापुरती राहत नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये जालन्यात ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली. १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार त्यांना मिळाला. संकरित बियाणे तयार करणे म्हणजे मादी वाणाच्या बीजांडापर्यंत ठरवलेल्या नर वाणाचाच पराग पोचवणे. कपाशीचे फूल द्विलिंगी असल्याने हे काम हाताने करतात. उद्या उमलणाऱ्या कळीच्या पाकळ्या व पुंकेसरांची नळी आदल्या दिवशी दुपारनंतर नखाने काढतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नर फुलाचा पराग कुक्षीवर फिरवतात. नख खोल गेले आणि अंडाशय दुखावला तर बोंड धरत नाही. असे फूल न् फूल हाताळावे लागते, तेही बहुतांशी बायकांना. या कसबाची नोंद वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकातही व्हायला हवी.

कपाशीच्या अंडाशयात साधारण तीन ते पाच कप्पे असतात व प्रत्येकात अनेक बीजांडे. फूल उमलते त्याच सुमारास बीजांडाच्या बाह्य आवरणावरील काही पेशी लांबू लागतात. अशी एकेक पेशी सुमारे तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि मग आतून सेल्युलोजने भरत जाते. हाच रुईचा धागा. म्हणजे कापूस हा बीजांडाच्या त्वचेचा विस्तार आणि सरकी हे पिकलेले बीजांड. फलन झाले नाही तर बीजांड खुरटते, धागाही आखूड राहतो.

भौगोलिक मानांकन लाभलेल्या जालन्याच्या मोसंबीच्या लागवडीत बीजांडाचा आणखी एक गुण उपयोगी पडतो. मोसंबीचा डोळा जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर भरतात. या लिंबांच्या बीजांडात प्रदेहाच्या पेशींपासूनही, फलनाशिवाय, भ्रूण तयार होतात. त्यामुळे एका बीतून दोन-तीन रोपे उगवतात आणि त्यांतली बहुतेक हुबेहूब मातृवृक्षासारखी असतात. खुंट एकसारखे मिळतात ते याच कारणाने. फलनातून आलेली रोपे उंचीत किंवा पानांत वेगळी पडतात. रोपवाटिकेत डोळा भरण्यापूर्वी ती उपटून टाकतात.