९ लाख १० हजार पौंडांचा हिशेब

फेब्रुवारी २०१३ मध्ये ब्रिटनच्या वृत्तपत्रांत एक आकडा झळकला: ९ लाख १० हजार पौंड. रोवन अ‍ॅटकिन्सन, म्हणजे आपल्याकडे मिस्टर बीन म्हणून घरोघरी ओळखले जाणारे नट, यांच्या मॅकलारेन एफ-१ या गाडीच्या दुरुस्तीपोटी विमा कंपनीने चुकती केलेली ही रक्कम. एका गाडीच्या दुरुस्तीसाठी एवढा मोठा दावा ब्रिटनमध्ये तोवर कधी मंजूर झाला नव्हता, असे बातम्यांत म्हटले होते. आधीचा उच्चांक सुमारे ३ लाख पौंडांचा होता आणि तो पगानी झोंडा या गाडीचा होता, असेही त्यांत नोंदले होते. उच्चांकाचे कौतुक चार दिवस टिकले. त्यामागचा खरा प्रश्न मात्र बाजूलाच राहिला. गाडी नवी घेताना जेवढे पैसे पडले, त्याहून जास्त रक्कम नुसत्या दुरुस्तीवर घालायला विमा कंपनी राजी का झाली?

या प्रश्नाचे थेट उत्तर दोन कागदांत असणार: एक मूळ पॉलिसी आणि दुसरा सर्व्हेअरचा अहवाल. दोन्ही खासगी दस्तऐवज आहेत आणि सार्वजनिक नोंदींत ते सापडत नाहीत. म्हणजे खटल्याचा निकाल हाती आहे, पण निकालपत्र नाही. अशा वेळी भोवतालचे कागद एकेक करून तपासायचे आणि मधली रिकामी जागा ते कितपत भरून काढतात ते पाहायचे, एवढाच मार्ग उरतो.

पहिला पुरावा ऑगस्ट २०११ च्या बातम्यांचा. तारीख ४ ऑगस्ट, वार गुरुवार, वेळ संध्याकाळची. जागा केंब्रिजशायरमधल्या पीटरबरो शहराजवळचा ए-६०५ हा रस्ता, हॅडन गावानजीक. गाडीवरचा ताबा सुटला, ती रस्ता सोडून झाडावर आदळली आणि तिने पेट घेतला. अ‍ॅटकिन्सन स्वतः बाहेर पडले. त्यांच्या खांद्याला मार लागला होता आणि त्यांना पीटरबरोच्या रुग्णालयात नेण्यात आले. इथवर सगळ्या बातम्यांचे एकमत आहे. पुढे फरक पडतो. झाड सगळीकडे आहे, पण त्याच्या जोडीला कुठे दिव्याचा खांब येतो, तर कुठे रस्त्याकडेची पाटी. दुसऱ्या दिवशीच्या घाईच्या बातमीत असा फरक पडायचाच. आपल्या कामाच्या गोष्टी दोन आहेत आणि त्या दोन्ही पक्क्या आहेत: जोराचा आघात आणि आग.

हा या गाडीचा पहिला अपघात नव्हता. ऑक्टोबर १९९९ मध्ये लँकशायरमधल्या गार्स्टँगजवळ कॅबस इथे तिची एका मेट्रो गाडीशी टक्कर झाली होती. मेट्रो म्हणजे ब्रिटिश मध्यमवर्गाची छोटी, साधी गाडी. त्या गाडीला कुणी ऑस्टिन म्हणतो, कुणी रोव्हर. ही तफावत समजण्यासारखी आहे, कारण हे मॉडेल या दोन्ही नावांनी विकले गेले. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की २०११ मध्ये विमा कंपनीपुढे आलेली गाडी आधीच एकदा ठोकलेली होती. तिची किंमत ठरवताना ही गोष्ट लक्षात घेतली गेलीच असणार.

दुसरा पुरावा खरेदीच्या किमतीचा. अ‍ॅटकिन्सन यांनी ही गडद तांबड्या रंगाची गाडी १९९७ मध्ये घेतली. किती पैशांना, याबाबत दोन आकडे छापून आले आहेत: ५ लाख ४० हजार पौंड आणि ६ लाख ४० हजार पौंड. पहिला आकडा या मॉडेलची कंपनीने जाहीर केलेली किंमत म्हणूनही सर्वत्र आढळतो. त्यामुळे एखाद्या वार्ताहराने तोच उचलून खरेदीचा म्हणून लिहिला असावा, अशी शंका येते. हा तर्क आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. सुदैवाने इथे निवाडा करण्याची गरजच पडत नाही. पहिला आकडा धरला तर दुरुस्तीचा खर्च खरेदीच्या १६८ टक्क्यांहून थोडा जास्त येतो आणि दुसरा धरला तर १४२ टक्के. दोन्ही हिशेबांत दुरुस्ती मूळ किमतीला ओलांडते.

आता विम्याचा नियम पाहू. भरपाई म्हणजे विमेदाराला अपघाताच्या क्षणाआधीच्या आर्थिक स्थितीत परत आणणे; त्याहून कमी नाही आणि जास्तही नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८८३ मध्ये कॅस्टेलेन विरुद्ध प्रेस्टन या खटल्यात हे तत्त्व ठामपणे मांडले. विकायला काढलेले घर व्यवहार पुरा होण्याआधी आगीत सापडले होते. विकणाऱ्याने विम्याचे पैसेही घेतले आणि पुढे खरेदीदाराकडून पूर्ण किंमतही घेतली. न्यायालयाने त्याला विमा कंपनीचे पैसे परत करायला लावले. दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या किमतीपलीकडे गेला, तर वस्तू संपूर्ण नष्ट झाली असे मानून किंमत चुकती करायची, हा विचार जहाजांच्या विम्यातून आला आणि १९०६ च्या ब्रिटिश सागरी विमा कायद्यात तो कलमबद्ध झाला. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीतही त्याचेच रूप दिसते. दुरुस्तीचा एकूण खर्च आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत लिहिलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांपुढे गेला की गाडी ‘टोटल लॉस’ धरली जाते.

या नियमापुढे खरेदीचे आकडे ठेवले की एक शक्यता लगेच बाद होते. पॉलिसीत १९९७ ची खरेदी किंमतच लिहिलेली असती, तर कंपनीने ५-६ लाख पौंड हातावर ठेवून मोडतोड झालेली गाडी ताब्यात घेतली असती. तसे घडले नाही. म्हणजे ज्या किमतीशी खर्चाची तुलना झाली, ती खरेदीच्या किमतीहून बरीच वरची होती. ७५ टक्क्यांची आपली पट्टी केवळ अंदाजासाठी लावली, तरी ती किंमत निदान १२ लाख पौंडांच्या पुढे असायला हवी.

ती किती होती? २०१३ च्या बातम्यांत गाडीचे मोल ३५ लाख पौंड दिले आहे. त्या हिशेबाने दुरुस्ती अवघ्या २६ टक्क्यांत बसते आणि कोडे सुटल्यासारखे वाटते. पण इथे थांबले पाहिजे. हा आकडा दुरुस्तीनंतरचा, २०१३ चा आहे. कंपनीने निर्णय घेतला तो २०११ च्या अपघातानंतर. नंतरच्या किमतीने आधीच्या निर्णयाचे समर्थन करणे म्हणजे निकाल लागल्यावर साक्षीदार उभा करणे. आपल्याला अपघाताच्या आधीचा, स्वतंत्र पुरावा हवा.

तो मिळतो लंडनच्या एका लिलावात. ऑक्टोबर २००८ मध्ये आरएम ऑक्शन्सच्या लिलावात एक मॅकलारेन एफ-१ तब्बल २५ लाख ३० हजार पौंडांना गेली. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सर्वांत बोलका कागद आहे, आणि त्याचे कारण त्याच्या तारखेत आहे. १५ सप्टेंबर २००८ रोजी लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाली आणि जगभरच्या बाजारांत घबराट पसरली. त्यानंतर काही आठवड्यांतच हा लिलाव झाला. चैनीच्या वस्तूंना पडता भाव येण्याचा तो काळ. अशा वेळी मिळालेली किंमत तेजीने फुगलेली होती, असे म्हणता येत नाही. शिवाय या मॉडेलच्या सगळ्या मिळून १०६ गाड्याच बनल्या आणि त्यांतल्या रस्त्यावर चालवण्याच्या मूळ रूपातल्या फक्त ६४. इतक्या थोड्या मालात उघड लिलावातली एकेक विक्रीही मोलाची साक्ष ठरते.

या साक्षीची उलटतपासणीही व्हायला हवी. लिलावातली गाडी जवळजवळ न चालवलेली होती. अ‍ॅटकिन्सन यांची गाडी भरपूर फिरलेली होती आणि एकदा ठोकलेलीही. दोन्हींचा भाव एक धरणे चूक ठरेल. म्हणून कठोर होऊन लिलावाची किंमत निम्मी करू. १२ लाख ६५ हजार पौंड उरतात आणि दुरुस्तीचा खर्च त्याच्या ७२ टक्के होतो. किंमत जशीच्या तशी धरली तर ३६ टक्के. म्हणजे सर्वांत प्रतिकूल गृहीतकावरही खर्च गाडीच्या किमतीच्या आतच राहतो. नंतरचा ३५ लाखांचा आकडा हाती नसता, तरी आपण याच निष्कर्षाला आलो असतो.

पुढचा प्रश्न असा: ९ लाख १० हजार खर्च झाले कशावर? बिलाच्या ओळी प्रसिद्ध झालेल्या नाहीत, पण ही गाडी कशी घडवली आहे ते नीट ज्ञात आहे. गॉर्डन मरी यांनी आखलेली ही गाडी १९९२ मध्ये जगापुढे आली. तिचा संपूर्ण सांगाडा कार्बन फायबरचा होता, आणि विक्रीसाठी बनलेल्या रस्त्यावरच्या गाडीत हे तेव्हा विरळाच होते. चालकाचे आसन मधोमध, मागे बीएमडब्ल्यूचे बारा सिलिंडरचे, ६.१ लिटरचे इंजिन, आणि इंजिनाच्या कप्प्याला आतून सोन्याचा पातळ वर्ख लावलेला, कारण सोने उष्णता उत्तम परतवते. गॅरेजमधला डेंटर पत्र्याचा पोचा डोळ्यांनी पाहतो, हाताने चाचपतो आणि ठोकून सरळ करतो. कार्बन फायबरला असा पोचा पडत नाही. आघाताने त्याचे थर आतल्या आत सुटू शकतात आणि वरचा पृष्ठभाग तसाच दिसत राहतो. थर धरून ठेवणारे रेझिन ठरावीक तापमानापुढे आपली ताकद गमावते, आणि या गाडीला तर आगही लागली होती. त्यामुळे सांगाड्याचा प्रत्येक भाग तपासल्यावाचून तो शाबूत आहे असे म्हणणे शक्य नव्हते. हे काम वोकिंग इथे, मॅकलारेनकडेच झाले आणि त्याला वर्षाहून अधिक काळ लागला. खर्चाचा मोठा वाटा या तपासणीचा आणि हातकामाचा असावा, हा माझा अंदाज. ज्या गाडीचे उत्पादन १९९८ मध्येच थांबले, तिचे सुटे भाग दुकानातून आणता येत नाहीत, हे मात्र निश्चित.

शेवटचा पुरावा २०१५ चा. जानेवारीत गाडी विक्रीला निघाली ती ८० लाख पौंडांच्या मागणीने. तोवर ती ४१ हजार मैल, म्हणजे सुमारे ६६ हजार किलोमीटर धावली होती. जूनमध्ये ती त्याच सुमाराच्या किमतीला विकली गेल्याच्या बातम्या आल्या. व्यवहार खासगी असल्याने मागणी पक्की आणि मिळालेली किंमत ऐकीव, असा भेद ठेवावा लागतो. तरी दिशा स्पष्ट आहे. मधल्या काळात, ऑगस्ट २०१३ मध्ये, अमेरिकेत पेबल बीचच्या लिलावात याच मॉडेलची दुसरी एक गाडी ८४ लाख ७० हजार डॉलरना गेली होती. बाजार चढता होता आणि दोनदा ठोकलेली गाडीही त्या चढणीवर मागे पडली नाही. बनवणाऱ्यांनीच केलेली, सगळ्या जगाला ठाऊक असलेली दुरुस्ती खरेदीदाराला खुपली नाही. आपण ही गाडी तिच्यामागच्या विचाराच्या दर्जासाठी घेतली होती, आणि आता ती मौल्यवान वस्तू होऊन बसल्याने दुसऱ्या कुणी तिचा आनंद घ्यावा, अशा आशयाचे अ‍ॅटकिन्सन तेव्हा बोलले होते.

आता जमा-खर्च मांडू. अपघात, आग, दुरुस्तीची जागा आणि भरपाईचा आकडा निश्चित. खरेदीची किंमत दोन आकड्यांत अडकलेली, पण निष्कर्षाला बाधा न आणणारी. विमा कंपनीने १९९७ च्या भावाने हिशेब केला नाही, हे अनुमान असले तरी भक्कम. उरतो एक प्रश्न: किंमत पॉलिसीत आधीच ठरवून लिहिलेली होती, की अपघातानंतर बाजारभाव काढला गेला? उपलब्ध कागद दोन्ही बाजूंनी सारखेच बोलतात आणि प्रामाणिकपणे तो प्रश्न खुला ठेवला पाहिजे. मला पहिली शक्यता अधिक वाटते, कारण मोजक्याच संख्येने असलेल्या वस्तूचा भाव अपघातानंतर ठरवायला बसले की वाद अटळ असतो.

गाडी वाचते की भंगारात जाते, हे मोडतोड किती झाली यावर जेवढे ठरते, त्याहून जास्त ते समोर कोणती किंमत ठेवली यावर ठरते. हाच आघात, हीच आग आणि हेच ९ लाख १० हजारांचे अंदाजपत्रक १९९९ मध्ये समोर आले असते, तर नव्या गाडीच्या भावापुढे कोणत्याही सर्व्हेअरने ‘टोटल लॉस’ लिहिले असते. ही गोष्ट ब्रिटनपुरती किंवा कोट्यधीशांपुरती नाही. आपल्याकडेही पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही छापील घसाऱ्याच्या तक्त्याने ठरत नाही. ती विमा कंपनी आणि गाडीमालक यांनी आपसांत ठरवायची असते. नूतनीकरणाच्या वेळी हप्ता थोडा कमी व्हावा म्हणून ती किंमत खाली आणणारा माणूस आपल्या गाडीचा निकाल अपघाताच्या कितीतरी आधी लिहून ठेवत असतो.