तांब्याच्या सेंटची साक्ष

१/ ज्याने संग्राहकांच्या हाती मोजपट्टी दिली, त्यानेच संग्रहात हात घातला तर चोरी पकडावी कोणी? अमेरिकेच्या आरंभीच्या तांब्याच्या नाण्यांनी याचे उत्तर दिले आहे.

२/ १७९२ च्या कायद्यानुसार फिलाडेल्फियात टांकसाळ उभी राहिली. १७९३ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये तिने ३६,१०३ सेंट पाडले. मागील बाजूस १५ कड्यांची साखळी होती. १५ राज्यांच्या एकीची ती खूण. टीकाकारांना मात्र स्वातंत्र्यदेवतेच्या नाण्यावर बेडी दिसली! काही आठवड्यांतच साखळी गेली आणि पानांची माळ आली.

३/ त्या काळी ठसे हाताने घडवले जात आणि लवकर तडकत. नव्या ठशात केसांची बट, अंकांमधील अंतर, पानांची टोके थोडी बदलत. एकट्या १७९४ सालच्या सेंटचे पन्नासहून अधिक प्रकार आढळतात.

४/ १८५७ मध्ये हे मोठे सेंट बंद झाले आणि ते जमवण्याचा छंद अमेरिकेत फोफावला.

५/ १९४९ मध्ये विल्यम शेल्डन या मानसशास्त्रज्ञाने या सेंटवरील ग्रंथात प्रत्येक प्रकाराला क्रमांक दिला आणि नाण्याची स्थिती मोजण्यासाठी १ ते ७० गुणांची श्रेणी मांडली. अगदी झिजलेल्या नाण्याच्या सुमारे सत्तरपट किंमत सर्वोत्तम नाण्याला मिळे, हा त्यामागचा हिशेब. बाजारभाव बदलले, पण श्रेणी टिकली. आज भारतातील लिलावांतही ती दिसते.

६/ हाच शेल्डन न्यूयॉर्कच्या अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या संग्रहातील उत्तम सेंट उचलून त्याच प्रकारची हलकी नाणी जागेवर ठेवत असे. प्रकार जुळे, संख्या भरे. संशय यावा कसा?

७/ शेल्डन १९७७ मध्ये वारला. पुढे अभ्यासकांनी संग्रहाची जुनी छायाचित्रे काढून पाहिली. ठसा एकच असला, तरी प्रत्येक नाण्यावरचे ओरखडे, खड्डे आणि डाग त्याचे स्वतःचे असतात. छायाचित्रातील नाणी कपाटात नव्हती. ती इतरांच्या संग्रहांत सापडली. अशी नाणी शंभराहून अधिक निघाली. पुढे कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने एका संग्राहकाकडील अशा नाण्यांवर सोसायटीचाच हक्क मान्य केला.

८/ म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे शिवराई असो वा सेंट, प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र काढा, वजन लिहून ठेवा. नाणे बोलत नाही. त्याची नोंद बोलते.