प्रबंध चढवणाऱ्या माणसाला कोण शिकवणार?

पीएचडी झाली की प्रबंध जातो कुठे? पूर्वी उत्तर सोपं होतं, ग्रंथालयाच्या कपाटात. २००९ साली युजीसीनं नियम केला की प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायचीच. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटनं त्यासाठी ‘शोधगंगा’ हे डिजिटल भांडार, म्हणजे रिपॉझिटरी, चालवायला घेतलं. त्यामागचं डीस्पेस सॉफ्टवेअर एमआयटी आणि एचपी यांनी २००२ मध्येच सगळ्यांसाठी खुलं केलं होतं. सॉफ्टवेअर फुकट, नियम तयार. राहिला तो विद्यापीठात बसून प्रबंध चढवणारा माणूस.

शंभर वर्षांपूर्वी हा क्रम वेगळा होता. बडोद्याचे सयाजीराव महाराज, मूळचे आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. राज्यभर ग्रंथालयं काढायची म्हणून त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन यांना बोलावलं. बोर्डन यांनी नुसती पुस्तकं लावून दिली नाहीत, १९११ मध्ये ग्रंथपाल घडवणारा वर्ग सुरू केला. भारतातला तो पहिलाच म्हणतात. पुस्तकांइतकाच ती सांभाळणारा माणूस महत्त्वाचा, हे महाराजांना कळलं होतं.

आज या माणसाचं काम काय, ते बघा. संशोधकाचं नाव आडनाव आधी लिहायचं की नंतर? लग्नानंतर आडनाव बदललं तर? मराठी प्रबंधाचं शीर्षक देवनागरीत द्यायचं की रोमनमध्ये? त्यात मराठी प्रबंध जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल तर पडद्यावर मराठी दिसतं, पण संगणकाला ती निरर्थक अक्षरं वाटतात. मग शोधून काहीच सापडत नाही. एखाद्यानं आपल्या तालुक्यातल्या दुष्काळावर पाच वर्षं घालवून लिहिलेलं असतं, ते भांडारात असूनही नसल्यासारखं.

प्रशिक्षण होत नाही असं नाही. कार्यशाळा होतात, इन्फ्लिबनेटही घेतं. पण कार्यशाळा दोन-चार दिवसांची. शिकून आलेला माणूस निवृत्त होतो, बदलून जातो, कंत्राटी असेल तर करार संपतो. त्याच्याबरोबर शिकलेलंही जातं. नवा माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर.

म्हणून ऑनलाइन साहित्य हवं. वेल्समधल्या अ‍ॅबरिस्टविथ विद्यापीठातल्या मंडळींनी २००८ च्या सुमारास डीस्पेसचा अभ्यासक्रम छोट्या-छोट्या धड्यांत बांधून खुल्या परवान्यानं नेटवर ठेवला. कुणीही घ्यावा, आपल्या गरजेप्रमाणे बदलावा. हे आपल्याला जमणार नाही, असं मी मानत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांच्या ग्रंथालयशास्त्र विभागांनी मिळून मराठीत असे धडे करावेत. दहा-दहा मिनिटांचे. एक नावांवर, एक युनिकोडवर, एक मराठी विषयशब्दांवर, एक कॉपीराइटवर. प्रत्येक धड्यात खरा प्रबंध घेऊन, तो कसा चढवायचा आणि चूक कुठे होते ते दाखवावं. आणि हो, ते धडे दरवर्षी तपासायची जबाबदारी कुणाच्या तरी नावावर टाकावी. नाहीतर सॉफ्टवेअर पुढं जातं आणि धडा जुन्याच बटणावर बोट ठेवून बसतो.

हे संशोधन जनतेच्या पैशातून होतं. ते जनतेला सापडायला नको का? तुमच्यापैकी कुणी विद्यापीठाच्या ग्रंथालयात काम करत असाल, तर पहिला धडा कशावर हवा ते खाली जरूर सांगा.