पनवेलची धाव, कोयत्याचं पोलाद

१८३० मध्ये बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरच्या बैलगाड्या पनवेल बंदराकडे उतरू लागल्या. गाड्यांची चाकं बनवणं हा गावचा नामांकित धंदा ठरला.

सुतार तुंबा नि आरे जुळवी. लोहार लोखंडी धाव लाल होईतो तापवून चाकावर चढवी, लगेच पाणी ओती. धाव आवळली की सांधे घट्ट बसत. अंदाज अचूकच हवा!

पण धावेचं मऊ लोखंड कोयत्याला कुचकामी. कर्ब कमी, त्यामुळे पाणी दिलं तरी ते कडक होत नाही. ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यात कर्ब अर्ध्या टक्क्याहून जास्त. म्हणून लोहारांची पसंती त्यालाच. नवशिक्यानं पाटाच घ्यावा आणि पाणी दिल्यावर पुन्हा बेतानं तापवावा. नाहीतर धारेचे टवके उडतात.